मशेरी सुटली, असं मी सांगत होते

माझे उपचार संपून नऊ महिने झाले. "बरी झाले" असं लिहायला अजून हात धजत नाही, कारण दर दोन महिन्यांनी कोल्हापूरला तपासणीला जावं लागतं आणि जायच्या आधीचा आठवडा मी घरात नुसती येरझाऱ्या घालत असते. आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या बायका म्हणतात, सुनंदाताई, लिहून काढा, दुसऱ्या कुणाला तरी उपयोग होईल. प्रभूने मला मरणातून कसं काढलं, ते त्यांना वाचायचं आहे. तेही लिहीन. पण त्याच्या आधी एक खोटं आहे. ते गाळलं तर पुढचं सगळंच खोटं होईल, म्हणून तिथूनच सुरू करते.

आरे-वारेचं पाणी

मी रत्नागिरीच्या मांडवीची. यजमान, मनोहर, ट्रॉलरवर इंजिन ड्रायव्हर. मी जेटीजवळच्या शेडमध्ये कोळंबी सोलायला जायचे, पुढे तिथल्या बायकांची मुकादम झाले. अकराव्या वर्षापासून मशेरी लावत होते. आई तव्यावर तंबाखू भाजायची, त्याचा ठसका आला की आम्ही बहिणी खोकत बाहेर पळायचो, आणि थोड्या वेळाने परत येऊन तिच्यासमोर बोट पुढे करायचो. आमच्याकडे त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं जागेवर येत नाही, हे मी लग्नाआधीच शिकले होते.

शेडमधल्या एका बाईने मला पहिल्यांदा उपासनेला नेलं. भाड्याच्या हॉलमध्ये चाळीस-पन्नास माणसं, एक पेटी, एक ढोलकी. मी गेले ती उत्सुकतेपोटी. तेव्हा माझं माझ्या जावेशी अकरा वर्षं बोलणं नव्हतं. मधल्या भिंतीवरून भांडण झालं होतं. ती आजारी पडली की मला बरं वाटायचं, इतका माझा जीव कडू झाला होता. चौथ्या की पाचव्या रविवारी पास्टर क्षमेबद्दल बोलत होते आणि मला अचानक माझं स्वतःचं तोंड दिसलं. जाऊ तापाने फणफणलेली असताना खिडकीतून तिच्याकडे बघणारं, मनात हसणारं. मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडले. काय मागितलं ते शब्दांत सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जावेच्या दारात उभी राहिले. ती केर काढत होती. मी भांडायला आले असं समजून तिने केरसुणी उगारली.

"पाणी दे गो प्यायला," मी म्हटलं.

तिने केरसुणी खाली ठेवली. मग तिने पाणी दिलं. तो राग गेला तो गेलाच. आज इतकी वर्षं झाली, परत आला नाही. म्हणून माझा नवा जन्म खोटा होता असं मला कुणी म्हटलं तर मी ऐकणार नाही. जावेला विचारा.

बाप्तिस्मा आरे-वारेच्या किनाऱ्यावर झाला, कारण मांडवीच्या पाण्यात उतरले असते तर सगळी वाडी बघायला आली असती. यजमान ख्रिस्ताच्या विश्वासात नाहीत, पण आले होते. सुरूच्या झाडांखाली माझा टॉवेल आणि चपला घेऊन उभे होते. त्याच आठवड्यात माझी मशेरीही सुटली. आपोआप. वासच नकोसा झाला. मी मंडळीपुढे उभं राहून साक्ष दिली, म्हणजे देवाने माझ्यासाठी काय केलं ते सांगितलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग पास्टर मला गावोगावच्या सभांना नेऊ लागले. थेट राजापूरकडच्या नाटे गावापर्यंत. "प्रभूने मला एका दिवसात सोडवलं," मी सांगायचे. बायका डोळे पुसायच्या.

हे आठ महिने टिकलं.

परत सुरू झालं तेव्हा काही मोठं घडलं नव्हतं. बर्फाची गाडी आली नव्हती, माल खराब होत होता, मालक फोनवर ओरडत होता, डोकं ठणकत होतं. शेजारच्या बाईने मशेरीची डबी पुढे केली. मी चिमूटभर घेतली. फक्त आज, असं मनात म्हटलं. संध्याकाळी घरी येऊन गुडघे टेकले, खूप रडले, क्षमा मागितली. पण त्या रविवारी माझी साक्ष ठरलेली होती. मी उठून उभी राहिले आणि नेहमीची साक्ष दिली. शब्द तेच, थांबायच्या जागा त्याच.

पुढची सहा वर्षं मी दोन्ही करत होते.

रेश्मा

रेश्मा माझ्याच शेडमध्ये होती. नाट्याची पोर, लग्न करून रत्नागिरीत आलेली, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. मला काकी म्हणायची. मीच तिला मंडळीत आणलं. तिनेही मशेरी सोडायचं ठरवलं. आठ दिवस सोडायची, परत धरायची, परत सोडायची. एकदा जेवणाच्या सुट्टीत ती माझ्याकडे आली.

"काकी, तुम्हाला एका दिवसात कसं जमलं? मी सारखी पडतंय. प्रार्थना करतंय, उपास पण धरला. माझाच देव ऐकत नाय."

त्या वेळी माझ्या ओठाआड मशेरी होती. तासाभरापूर्वी लावलेली. मी तोंड थोडं वळवून बोलले, तिला वास येऊ नये म्हणून. आणि काय बोलले? "तुझा विश्वास कमी पडतोय, रेश्मा. तू मनापासून दिलंच नाहीस प्रभूला."

तिने मान खाली घातली. त्यानंतर दोन रविवार आली, मग यायची बंद झाली. वर्षभरात तिच्या नवऱ्याचं बोटीवरचं काम सुटलं आणि ती दोघं नाट्याला परत गेली. मंडळीत कुणी विचारलं तर मी म्हणायचे, "विश्वासात थंड पडली ती."

दुखतं कुठे?

उजव्या बाजूला, खालच्या हिरडीत, मी जिथे मशेरी धरायचे बरोब्बर तिथे एक फोड आला. गरम चहाने भाजलं असेल, म्हटलं. पंधरा दिवसांनी तो तिथेच होता. महिन्याने त्याची जखम झाली होती. मग शेजारची दाढ हलायला लागली. भाकरी दुसऱ्या बाजूने चावायची सवय लागली. प्रार्थना सभेत मी माझ्या "दातदुखीसाठी" प्रार्थना मागितली. बायकांनी गालावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि त्यांच्या तळव्याखाली मी दातांवर दात दाबून बसले होते, कुणी तोंड उघडायला सांगेल या भीतीने.

पाच महिने मी डॉक्टरकडे गेले नाही. हे वाचणाऱ्याने नीट ऐकावं. मला दवाखाना लांब नव्हता, वेळ नव्हता असंही नाही. डॉक्टर एकच प्रश्न विचारणार हे मला ठाऊक होतं, आणि त्याचं खरं उत्तर माझ्या तोंडून निघणार नव्हतं. पंधरा दिवसांत न भरणारी तोंडातली जखम म्हणजे उठून जायचं, हे आता मी भेटेल त्या बाईला सांगते. मला ते तेव्हाही माहीत होतं. शेडमध्ये आरोग्य खात्याचं पोस्टर लावलेलं होतं आणि त्याच्याखाली बसून मी डबी उघडत होते.

मे महिन्यात प्रणाली आली. आमची एकुलती एक मुलगी, ठाण्याला नोकरी करते. तिने कापलेला आंबा खाताना मी कळवळले. तिने मोबाईलचा उजेड माझ्या तोंडात टाकला. कपडे बदलून आली.

"चल."

दाताच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. आरसा घालून बघत असताना त्यांचा चेहरा बदलला, ते मला खालून स्पष्ट दिसलं.

"मावशी, मशेरी लावता?"

"सात वर्षांपूर्वी सोडली," मी म्हटलं. प्रणाली शेजारी उभी होती. ती अभिमानाने म्हणाली, "हो, एका दिवसात सोडली आईने."

डॉक्टरीणबाईंनी माझ्या दातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. पुढे काही विचारलं नाही. जखमेचा तुकडा काढून तपासायला पाठवायला लागेल, एवढंच म्हणाल्या.

निदानाचा दिवस

रिपोर्ट आला तेव्हा आम्ही तिघं मोठ्या डॉक्टरांसमोर बसलो होतो. ट्रॉलर दोनच दिवसांपूर्वी बंद झाले होते, पावसाळी बंदीसाठी, म्हणून यजमान किनाऱ्यावर होते. डॉक्टरांनी कॅन्सर हा शब्द हळू आवाजात उच्चारला. जबड्याच्या हाडाचा काही भाग आणि मानेतल्या गाठी काढाव्या लागतील, कोल्हापूरला जा, उशीर करू नका. मला त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट आठवतो. त्यात निळी फुलं होती. मी तीच मोजत होते.

मग त्यांनी फॉर्म पुढे ओढला आणि तोच प्रश्न विचारला. "तंबाखू, मशेरी, काही?"

मी तोंड उघडलं. खरं सांगते, तेव्हाही माझ्या जिभेवर "नाही" हाच शब्द होता. मरण समोर बसलं होतं आणि मला माझी साक्ष वाचवायची होती.

"लावते," यजमान म्हणाले. "रोज लावते."

प्रणालीने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान वर केली नाही. ती उठली आणि बाहेर गेली. दार तिने आपटलं नाही, हळूच ओढून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

यजमानांना पहिल्यापासून माहीत होतं. एका घरात राहणाऱ्या नवऱ्याला वास येणारच. मलाही माहीत होतं की त्यांना माहीत आहे. आम्ही दोघांनी सहा वर्षं त्यावर एक शब्द काढला नव्हता. परतताना मी रिक्षात विचारलं, "तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

ते रस्त्याकडे बघत राहिले. "तू सभेत बोलून यायचीस तेव्हा तुझा चेहरा उजळलेला असायचा. मला तो विझवायचा नव्हता. आता वाटतं, चार मुस्काटात दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

घरी प्रणाली ओट्यापाशी उभी होती. "आई, मी तुझी साक्ष ऐकून बाप्तिस्म्याच्या पाण्यात उतरले. माझ्या ऑफिसातल्या मुलींना मी तुझीच गोष्ट सांगते. देव खरा कशावरून, तर माझ्या आईवरून. आता मी काय सांगू?"

ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ठाण्याला गेली.

पास्टर आले

मी फोन करून त्यांना बोलावलं आणि सगळं सांगितलं. आमचे पास्टर पन्नाशीचे आहेत, बोलायला कधी कमी पडत नाहीत. त्या दिवशी ते चहाचा कप हातात धरून बसून राहिले. चहावर साय धरली.

"मी तुमची साक्ष किती गावांत सांगितली असेल," शेवटी ते म्हणाले. "मला आत्ता काही सुचत नाही, सुनंदाताई. उद्या येतो."

ते गेले आणि मी घरात फिरत राहिले. ओटा पुसला, परत पुसला. कपाट उघडलं, बंद केलं. एकच विचार घोंघावत होता. जावेवरचा एवढा मोठा राग देवाने मुळासकट उपटला, मग ही बोटाच्या टोकावर मावणारी पूड त्याला का उपटता आली नाही? का मीच ती मागे धरून ठेवली? आणि धरून ठेवली असेल, तर मी त्याची आहे की नाही?

दुसऱ्या दिवशी पास्टर खरंच आले. म्हणाले, "जो नव्याने जन्मला आहे त्यालाच पाप टोचतं. मेलेल्या माणसाला काटा लागत नाही. तुमच्या जिवाची ही तगमग आहे ना, तीच खूण आहे."

मी म्हटलं, "तगमग पहिलं वर्ष होती, पास्टर. नंतर नव्हती. नंतर सवय झाली होती. सभेला जायच्या आधी लावायची, चूळ भरायची, वेलदोडा चावायचा. काही टोचत नव्हतं. मला भीती आजाराची नाही एवढी, त्याची वाटते."

त्यांनी यावर मला समजावलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. ते खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसले, मी बसले, आणि आम्ही प्रार्थना केली. लहान होती. "हिला सोडू नकोस," एवढंच ते दोन-तीनदा म्हणाले.

कोल्हापूर

आंबा घाटात मला दोनदा उलटी झाली. दाखल व्हायच्या आदल्या सकाळी आम्ही हॉस्पिटलजवळच्या एका लॉजवर उतरलो होतो. इथे जे लिहिणार आहे ते लिहू नये असं मला फार वाटतं. यजमान कागदपत्रांच्या झेरॉक्स काढायला गेले होते. मी पिशवीच्या तळाशी, गाऊनच्या घडीत ठेवलेली डबी काढली आणि मशेरी लावली. जखमेच्या बाजूला जागा नव्हती, म्हणून डाव्या बाजूला लावली. आजार कळला होता, कबुली दिली होती, प्रार्थना झाली होती, मुलगी तुटली होती. एवढं सगळं होऊनही डबी मी मांडवीपासून बरोबर आणली होती.

यजमान लवकर परतले. दारातच थांबले. मला वाटलं ओरडतील. ते पलंगाच्या कडेला बसले, झेरॉक्सचे कागद मांडीवर ठेवले आणि रडायला लागले. दर्यात वादळात सापडून परत आलेला माणूस हा. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. मी बेसिनपाशी जाऊन बोटाने सगळी मशेरी काढली. त्याबरोबर रक्तही आलं. डबी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती खिडकीतून मागच्या गटारात फेकली.

"आता तू देवाला सांग, नायतर कुणाला सांग," ते म्हणाले. "पण मला एकट्याला ठेवून जायचं नाय."

त्यानंतर आजपर्यंत मी मशेरी लावलेली नाही. याचं श्रेय मी घेत नाही. पुढचे काही आठवडे माझं तोंड माझ्या ताब्यातच नव्हतं.

ऑपरेशन सात तास चाललं. शुद्धीवर आले तेव्हा नाकात नळी, मानेत नळी, तोंडात जीभ की दगड ते कळत नव्हतं. बोलता येत नव्हतं. गावोगाव बोलत फिरलेली मी, मला आता पाणी हवं असेल तर वहीत लिहावं लागे. वॉर्डाचा दिवस सहालाच सुरू व्हायचा. चादरी, इंजेक्शन, नळ्या साफ करणं, डॉक्टरांची फेरी, मग नळीतून पातळ खाणं. बंदीचे दिवस असल्याने यजमान पूर्ण वेळ माझ्याजवळ होते, हीच मोठी दया. नाहीतर ते समुद्रात असते आणि मी परक्यांच्या हवाली. लॉजच्या मालकिणीच्या गॅसवर ते पेज करायचे, मऊ ओढणीतून दोनदा गाळायचे, आणि सिरिंजने इतक्या हळू सोडायचे की बाजूची बाई म्हणाली, "इंजिनात तेल घालतायत जणू." मला हसू आलं आणि टाके ओढले गेले.

सहाव्या दिवशी प्रणाली आली. सांगून आली नाही. खांद्यावरची बॅग खाली ठेवली, हात धुतले आणि नर्सकडून नळी कशी साफ करायची ते शिकून घेतलं. दुपारी मी वही ओढली.

"माझ्यावर रागावली आहेस?" मी लिहिलं.

तिने वाचलं. "हो."

"अजून?"

"हो. हात सरळ ठेव, सुई हललीये."

ती नऊ दिवस राहिली. राग तिचा गेला नव्हता आणि ती गेलीही नाही. मला वाटतं, त्या नऊ दिवसांत देवाबद्दल मला जेवढं कळलं तेवढं सगळ्या सभांमध्ये मिळून कळलं नव्हतं. पण हे वाक्य फार गोड होतंय. तेव्हा तसं वाटत नव्हतं. तेव्हा मला फक्त लाज वाटत होती, आणि मान दुखत होती.

शेकणं

मानेतल्या एका गाठीत आजार सापडला, म्हणून सहा आठवडे रेडिएशन, आमच्याकडे त्याला शेकणं म्हणतात. आम्ही कोल्हापुरातच खोली घेतली. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा घालून टेबलाला आवळतात, हलायचं नाही. मी आत प्रार्थना करायचा प्रयत्न करायचे आणि मधेच डबीचा टकटक आवाज डोक्यात यायचा. तोंड आतून सोललेलं, थुंकी आटलेली, पाणीसुद्धा झोंबायचं, आणि तरी जीव मशेरी मागत होता.

शेडमधली एक मैत्रीण एवढ्या लांब मला भेटायला आली. तिने मला मिठी मारली. तिच्या पदराला मशेरीचा वास होता. मी तिला सोडेना. तिला वाटलं मी मायेने धरलंय, ती रडायला लागली. मी तिच्या खांद्यात नाक खुपसून वास घेत होते.

ती गेल्यावर मी देवाला म्हटलं, बघ, ही मी आहे. याहून खाली काही दाखवायला उरलेलं नाही. त्या दिवशी बऱ्याच काळाने मला काहीतरी टोचलं. जोरात टोचलं. मी भिंतीकडे तोंड करून बसले होते, आणि विचित्र वाटेल, पण मला आनंद झाला.

मंडळीपुढे

बोलायला लागले तेव्हा शब्द घसरत होते. स आणि च नीट येत नव्हते. एका रविवारी मी पास्टरांची परवानगी घेऊन उभी राहिले आणि सांगितलं. सहा वर्षांचं खोटं, लॉजवरची डबी, सगळं. काही जण रडले. आणि ते रडताना बघून माझ्या मनाच्या एका कोपऱ्याला बरं वाटलं, कबुलीसुद्धा छान झाली असं वाटलं. मी बोलता बोलता थबकले. मग तेही सांगितलं. पुढच्या रांगेतली एक म्हातारी हसली.

उपासनेनंतर एक बाई म्हणाली, हे असं चारचौघांत बोलायची गरज नव्हती, नव्या लोकांना काय वाटेल. मी चालवत होते ती महिलांची प्रार्थना सभा माझ्याकडून काढून दुसऱ्या बहिणीकडे दिली. पास्टरांनी फार आदराने सांगितलं. योग्यच होतं. तरी मी आठ दिवस त्या बहिणीच्या प्रार्थनेतल्या चुका काढत होते. जुनी सुनंदा बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडाली खरी, पण तिला पोहता येतं, हे आता मला माहीत आहे.

प्रणाली त्या रविवारी आली नव्हती. मी फोनवर सगळं सांगितलं, रेश्माला काय बोलले होते तेही. ती म्हणाली, "रेश्माला सांगितलंस?"

नाटे

डिसेंबरात यजमानांनी एक दिवस सुट्टी काढली आणि मला मोटरसायकलवरून नाट्याला नेलं. ते बंदरावर ओळखीच्या तांडेलाकडे, बोटीच्या कप्तानाकडे, थांबले, मी एकटीच रेश्माच्या घरी गेले. ती अंगणात जाळीवर सुकट पसरत होती. मी हाक मारली तेव्हा तिने आवाज ओळखला नाही. वळून बघितलं आणि तिच्या हातातली टोपली तशीच राहिली. माझा एक गाल आत गेलाय, मानेवर लांब व्रण आहे.

"काकी? काय झालं गो तुम्हाला?"

मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं. की त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तुझ्याशी बोलताना माझ्या तोंडात मशेरी होती. की तुझा विश्वास कमी नव्हता, मी खोटी होते.

तिचा चेहरा लाल झाला.

"मी दोन वर्षं देवाचं नाव घेतलं नाय," ती म्हणाली. "म्हटलं, मी त्याला नको हाय. बाकी सगळ्यांची सुटते, माझीच सुटत नाय, म्हणजे माझ्यातच काय तरी घाण हाय. एकदा तर..." ती थांबली. "जाऊ दे. तुम्ही आता सांगून मोकळ्या झालात."

"नाही झाले."

"आता तरी सुटली काय?"

हो म्हणणं सोपं होतं. हिशेबाने खरंही होतं.

"सहा महिने लावली नाही," मी म्हटलं. "पण सुटली नाही. तुझ्या अंगणात आल्यापासून मला तुझ्या मशेरीचा वास येतोय. तोंडात थुंकी उरली नाही, तरी जीव तिकडेच ओढतोय. रोज सकाळी ओढतो."

रेश्मा जवळ आली. "तोंड उघडा बघू."

माझं तोंड आता दोन बोटंच उघडतं. तिने वाकून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ती सरळ झाली, पदराला हात पुसले, आणि स्वतःचा खालचा ओठ बोटाने ओढला.

"काकी, हे बघा. पांढरं. गणपतीच्या आधीपासून हाय. मी कुणाला दाखवलं नाय."

मी बघितलं.

"चप्पल घाल," मी म्हटलं.

"सुकट पसरलीय अजून..."

"जळू दे ती सुकट. चप्पल घाल, रेश्मा."

यजमानांनी आम्हाला राजापूरच्या यष्टीत बसवून दिलं आणि स्वतः गाडीवरून मागोमाग आले. राजापुरात गाडी बदलून आम्ही दिवस मावळायच्या आत रत्नागिरीत त्याच डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीसमोर होतो.

तिचा रिपोर्ट कॅन्सरचा नव्हता. आणखी काही काळ तसंच राहिलं असतं तर होऊ शकला असता, असं डॉक्टर म्हणाल्या. तो चट्टा काढला. ती आता ठीक आहे. मंडळीत ती परत आलेली नाही आणि मी तिला ये म्हणत नाही. पण आमचं रोज फोनवर बोलणं होतं. सुरुवातीला ती सांगायची, "काकी, आज लावली मी." मी म्हणायचे, "बरं केलंस सांगितलंस. उद्या लावायच्या आधी फोन कर." कधी करायची, कधी नाही करायची. मग आम्ही फोनवरच दोन वाक्यांची प्रार्थना करतो. कधी तीही करते.

काल सकाळी साडेसहाला मी ओट्यापाशी उभी होते. यजमान समुद्रात होते. पलीकडच्या घरात कुणीतरी तंबाखू भाजत होतं. मी खिडकी लावली, परत उघडली. शेवटी फोन घेतला आणि नाट्याला लावला.

"काय गो काकी, एवढ्या सकाळी?" रेश्मा झोपेतच म्हणाली. "मी अजून नाय लावली."

"तुझ्यासाठी नाही केला," मी म्हटलं. "माझ्यासाठी केलाय."

पलीकडे तिची बांगडी वाजली, ती उठून बसली असावी. "बोलत राहा," ती म्हणाली. "मी हाय."